पंचवटी : नावातले वड

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाच्या नावात एखादे झाड दडून बसलेले असते. वडगाव, पिंपळगाव, निमगाव, बाभूळगाव, चिंचखेड, बोरगाव, जांभूळपाडा, पळसे, उंबरठाण. ही नावे आपण रोज घेतो, आणि रोज घेतो म्हणूनच त्यांचा अर्थ मनात येत नाही. घराचा उंबरा आपण दिवसातून पन्नास वेळा ओलांडतो, पण उंबरा म्हणजे उंबराच्या लाकडाचा, हे कितीजणांच्या ध्यानात असते? संस्कृतात उदुंबर या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे. शब्द पायाखाली येतो तसा तो झिजतो, आणि झिजला की त्यातले झाड दिसेनासे होते.

आज मी तुम्हांला अशाच एका नावाची हकीकत सांगणार आहे. हे नाव मात्र झिजलेले नाही. ते इतके लखलखीत राहिले आहे की त्याच्यातले झाड कोणालाही दिसते. ते नाव म्हणजे नाशिकची पंचवटी. एके काळी अरण्यातल्या एका जागेचे हे नाव होते. आज ते एका गजबजलेल्या वस्तीचे नाव आहे. वनाचे नाव वस्तीला कसे मिळाले, आणि वन गेल्यावरही नाव कसे टिकले, हा आजचा विषय.

नाशिकला गेलेल्या माणसाला हा भाग ठाऊक असतोच. गोदावरीच्या उजव्या तीरावर जुने नाशिक आणि डाव्या तीरावर पंचवटी. रामकुंडावर स्नान करून वर चढले की काळाराम मंदिर, आणि तिथून जवळच सीतागुंफा. गुंफेच्या आसपास मोठाले वड आहेत आणि त्यांना चक्क क्रमांक दिलेले आहेत, एक ते पाच. यात्रेकरू बोटाने मोजतात, पाच भरले की समाधानाने हात जोडतात. पण चौकस मुलगा एखादा असतोच. तो बापाचा सदरा ओढून विचारतो, “दादा, हीच का ती रामाच्या वेळची झाडं?” बाप म्हणतो, “हो, हीच.” पोराचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर बापाचेही होत नाही.

तो प्रश्न पोरकट नाही. इतिहासाचा अभ्यास त्याच प्रश्नापासून सुरू होतो. फक्त उत्तर देताना घाई करायची नाही.

प्रथम नावाचीच फोड करू. वर्गात समास शिकवणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण पाठ असेल. पाच वटांचा समुदाय तो पंचवटी, समाहार द्विगू. तीन लोकांची त्रिलोकी होते, आठ अध्यायांची अष्टाध्यायी होते, तशी पाच वडांची पंचवटी. म्हणजे मुळात हे गावाचे नावच नाही. ते एका ठिकाणाचे वर्णन आहे. ‘पाच वडांपाशी’ म्हणून आपण पत्ता सांगतो ना, तसे. आजही खेड्यात कोणी रस्ता विचारला तर आपण काय सांगतो? “त्या जोड-आंब्यापासून डावीकडे वळा.” असे दोन पिढ्या सांगत राहिले की त्या जागेचे नाव जोडआंबा होऊन बसते. आंबे वठून जातात, वळण मात्र त्या नावाने ओळखले जाते.

पण पंचवटी या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. यादवांच्या काळी, तेराव्या शतकात, देवगिरीला हेमाद्री नावाचा मोठा पंडित आणि कारभारी होऊन गेला. हेमाडपंती बांधकामामुळे त्याचे नाव आपल्या खेड्यापाड्यांत अजून आहे. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या व्रतखंडात स्कंदपुराणाच्या आधाराने पंचवटी लावण्याचा विधी दिलेला आहे. तिथे पाच वड नाहीत. पाच जातींची झाडे आहेत. पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा आणि आग्नेयेला अशोक. अशा झाडीच्या मधोमध बसून तप करावे. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंसांनी साधनेसाठी पंचवटी लावली, ती याच अर्थाने. म्हणजे नाशिकचे विशेषनाम पुढे साऱ्या देशात सामान्यनाम झाले. कोणीही, कुठेही पाच झाडे लावावी आणि तिला पंचवटी म्हणावे.

आता नाशिकच्या पंचवटीत पाच वड होते की पाच जातींची झाडे होती? व्याकरण पाच वडांच्या बाजूने आहे. पुढे धर्मशास्त्रकारांनी त्या शब्दात पाच पवित्र वृक्ष बसवले, हे क्रमाने बरोबर लागते. शब्द आधी, त्याचा विधी नंतर.

आता वाल्मीकींकडे जाऊ. रामायणाच्या अरण्यकांडात राम अगस्ती ऋषींना विचारतो, की राहायला बरी जागा कोणती? त्यावर अगस्ती जो पत्ता सांगतात, तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, इथून दोन योजनांवर पंचवटी म्हणून जागा आहे. तिथे कंदमुळे, फळे, पाणी आणि हरणे भरपूर. ते समोर मोहाचे मोठे रान दिसते ना, त्याच्या उत्तरेने जा, वडाच्या रोखाने. पुढे चढ लागेल, डोंगर येईल, त्याच्या जवळच पंचवटी. मंडळी, हा पत्ता पोथीतला वाटतो का? आपल्याकडचा एखादा गुराखी सांगेल तसाच नाही का तो? मोहाचे रान, एक वड, एक टेकाड. रस्ता झाडांनी सांगितलेला आहे, कारण त्या काळी रस्त्यावरच्या पक्क्या खुणा म्हणजे झाडे आणि डोंगर, एवढेच होते.

पुढे एका सर्गात लक्ष्मण पर्णकुटी बांधतो. तिथे कवीने भोवतालच्या झाडांची लांबलचक यादी दिली आहे. साल, ताल, तमाल, खजूर, फणस, आंबा, अशोक, चाफा, केतकी, चंदन, कदंब, धावडा, खैर, शमी, पळस, पाटल. ही यादी वाचताना सावध राहावे लागते. सालवृक्षाचे दाट रान मध्य आणि पूर्व भारतातले. नाशिकच्या बाजूला आपला साग. खैर, धावडा, पळस मात्र आपल्या डोंगरातले, अगदी ओळखीचे. कवीने वन रंगवले आहे, वनखात्याची मोजणी केलेली नाही. तेव्हा या यादीवरून जागा सिद्ध करू पाहणे म्हणजे लग्नातल्या मंगलाष्टकांवरून नवरदेवाची उंची काढण्यासारखे आहे.

आणि जागेचा वाद आहेच. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाला नावाचे गाव आहे. तेही गोदावरीच्या काठी. तिथले भाविक म्हणतात, रामाची पर्णकुटी इथेच होती, पंचवटी हीच. नाशिककर म्हणतात, आमची. नदी एकच आहे. एका टोकाला आपण, दुसऱ्या बाजूला ते. इतिहासकाराने इथे न्यायाधीश होऊ नये. त्याने एवढेच पाहावे की नाव कोणत्या जागेला, केव्हापासून आणि कोणाच्या मुखाने चिकटून राहिले. श्रद्धेचा निवाडा पुराव्याने होत नाही आणि पुराव्याची जागा श्रद्धेने भरून निघत नाही. दोन्हींचा मान राखायचा, पण दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

मग नाशिकला पुरावा कोणता? नाशिकपासून जवळच, मुंबईच्या रस्त्याला, डोंगरात पांडवलेणी आहेत. ही लेणी बौद्ध भिक्षूंची. त्यांतले शिलालेख जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. एका चैत्यावर नासिकच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. पतंजलीच्या महाभाष्यातही नासिक्य नगराचा उल्लेख येतो, आणि ग्रीक भूगोलकार टॉलेमी यालाही दुसऱ्या शतकात हे गाव ठाऊक होते. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नासिक, ही कथा सर्वांना माहीत आहे. नऊ टेकड्यांची नवशिखा म्हणून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. कथा कोणतीही घ्या, नाव मात्र दोन हजार वर्षांहून जुने, हे पक्के.

या लेखांत नासिक आहे, गोवर्धन आहे. गोवर्धन हे गाव नाशिकच्या पश्चिमेला आजही आहे. पंचवटी मात्र या लेखांत नाही. याचे नवल वाटायला नको. शिलालेख हे दानाचे दस्तऐवज. त्यांत शेत येते, गाव येते, व्याजी लावलेले पैसे येतात. वनातल्या पाच वडांचे दान कोण करणार? ते कोणाच्या मालकीचे नव्हते. म्हणून कोणाच्या दगडावर आले नाहीत.

त्याच लेण्यांतली एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय नावाचे नशीब कळणार नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना कखडी नावाच्या गावातले दोनशे निवर्तने शेत दिले. दगडावर कोरून दिले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, पुन्हा एक आज्ञा कोरलेली आहे. तिचा आशय असा, की कखडीचे ते शेत कोणी कसत नाही, ते गावही वसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरील शंभर निवर्तने राजाची जमीन भिक्षूंना द्यावी. पाहा, सहा वर्षांत गाव उठले! राजाने दगडावर लिहिले तरी उठले. आज कखडी कोणाला ठाऊक नाही. आणि ज्या पंचवटीसाठी कोणी छिन्नी हाती धरली नाही, ती शेकडो वर्षे लोकांच्या जिभेवर राहिली.

आणखी एक गंमत. ज्या डोंगरात ही लेणी आहेत त्याचे नाव त्या लेखांतच दिलेले आहे: तिरण्हू, संस्कृतात त्रिरश्मी. हे नाव लोक साफ विसरले. भिक्षू गेले, लेणी ओस पडली, आणि एवढे मोठे काम माणसाच्या हातचे असेलच कसे, ते पांडवांनीच केले असणार, असे म्हणून लोकांनी त्यांना पांडवलेणी म्हटले. लेख वाचले गेल्यावर अभ्यासकांनी त्रिरश्मी हे नाव पुन्हा वर आणले. म्हणजे लोकांची जीभ जपते तशी बदलतेही. जिला कथा मिळते ते नाव जगते. पंचवटीला रामकथा मिळाली, म्हणून ती जगली. त्रिरश्मीची कथा सांगणारे उरले नाहीत, म्हणून ते नाव दगडात पडून राहिले.

नाव कोणी जपले, याची एक खूण त्याच्या उच्चारातही सापडते. संस्कृतातला वट मराठीत वड झाला. पंच हा पाच झाला. सातारा जिल्ह्यात वाईच्या बाजूला पाचवड नावाचे गाव आहे; पुण्याहून साताऱ्याला जाताना हमरस्त्यावर लागते. नावाचे रूप पाहिले तर पाचवड आणि पंचवटी एकाच घरच्या बहिणी. एक शेतात राबून रापली, दुसरी देवळात राहून गोरी राहिली. शेतकऱ्यांच्या तोंडी राहिलेले नाव झिजून पाचवड झाले. नाशिकचे नाव मात्र पोथीने, पुराणिकाने आणि यात्रेकरूने धरून ठेवले, म्हणून ते संस्कृतच राहिले. गावोगावचा यात्रेकरू येणार, तो रामायण ऐकून येणार, आणि रामायणात आहे तेच नाव घेऊन विचारणार. नाव झिजायला अवसरच मिळाला नाही. यावरून नाव किती जुने हे ठरत नाही. ते कोणाच्या तोंडी वाढले, एवढे मात्र दिसते.

आता वनाकडे येऊ. हे वन आपोआप उगवलेले रान होते, की त्याला माणसाचा हात लागला होता? इथे दोन थोर कवी साक्षीला येतात. कालिदासाच्या रघुवंशात, तेराव्या सर्गात, राम सीतेला घेऊन पुष्पक विमानातून अयोध्येला परततो. खाली पंचवटी दिसते. तेव्हा राम सीतेला आठवण देतो ती तिथल्या आंब्याच्या रोपांची, जी तिने घागरीने पाणी घालून वाढवली होती. राजाची लेक, राजाची सून. वनवासात आहे, झोपडीत राहते आहे, उद्या इथून निघायचे आहे, तरी रोपांना पाणी घालते आहे. उन्हाळ्यात कडेवर घागर घेऊन रोप जगवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा कवी भवभूती. हा आपल्या विदर्भातला, आठव्या शतकातला. त्याच्या उत्तररामचरितात सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम पुन्हा त्याच वनात येतो. येतो आणि क्षणभर जागा ओळखत नाही. जिथे प्रवाह होता तिथे आता वाळवंट झाले आहे. जिथे दाट झाडी होती तिथे ती विरळ झाली आहे, आणि विरळ होती तिथे दाट. डोंगर तेवढे जागच्या जागी आहेत, त्यांवरून त्याला खूण पटते. पुढे सीतेनेच वाढवलेला एक कदंब दिसतो, आणि त्याला रडू आवरत नाही. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या कवीने केवढी मोठी गोष्ट सांगून ठेवली! नदी पात्र बदलते, रान जागा बदलते, आणि हे एका माणसाच्या हयातीत घडते. मग शेकडो वर्षांत काय होत असेल?

आता त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. “हीच का ती झाडं?” वड हे मोठे चमत्कारिक झाड आहे. त्याची पारंबी खाली येते, मातीला लागते, मूळ धरते, आणि तिचाच नवा बुंधा होतो. जुना बुंधा पोकळ होऊन गेला तरी झाड चालू राहते. पाखरे फळ खातात, बी दुसरीकडे टाकतात, ते भिंतीच्या फटीतही रुजते. तेव्हा आजचा वड हा पहिला वड नव्हे. पण त्याच्या वंशातला नाही, असेही कोणी म्हणू नये. मुख्य गोष्ट निराळीच आहे. नाव पंचवटी आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी तिथे वड राखला, पडला तर दुसरा लावला. झाडांनी नाव दिले, आणि पुढे नावाने झाडे राखली. वडाचा आणि नावाचा हा देवघेवीचा व्यवहार आहे.

वनाची वस्ती झाली ती हळूहळू. मोगलांच्या अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. गुलशन म्हणजे बाग. नवीन नाव देणाऱ्याला इथे बागच दिसली, हे लक्षात घ्या. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल आल्यावर नाशिक हे जुने नाव परत आले. पेशव्यांच्या काळात गोदावरीवर घाट, कुंडे, देवळे, वाडे उभे राहिले. सरदार रंगराव ओढेकरांनी इ. स. १७८२ च्या सुमारास काळ्या दगडात काळारामाचे मंदिर उभारायला घेतले. देवळापाठोपाठ पुजारी आले, पुजाऱ्यांपाठोपाठ धर्मशाळा, मग फुलांची, पेढ्यांची, भांड्यांची दुकाने. पर्णकुटीच्या जागी पेठ उभी राहिली. पुढे १९७५ साली मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या गाडीलाही पंचवटी एक्स्प्रेस हे नाव मिळाले. वडाखालचे नाव रुळांवर चढले.

पण वस्तीची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. वडाची सावली जात विचारत नाही. या पंचवटीतल्या मंदिराचे दार मात्र विचारत होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. हजारो माणसे शांतपणे देवळाच्या दाराशी उभी राहिली. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षे चालवला. दार काही उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी, मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. येवले नाशिक जिल्ह्यातच आहे. तेव्हा पंचवटी म्हटले की काहींना पर्णकुटी आठवते आणि काहींना बंद दार आठवते. एका नावात दोन आठवणी नांदतात. नाव शिकवणाऱ्या शिक्षकाने दोन्ही शिकवल्या पाहिजेत.

आता या हकीकतीचा शेवटचा भाग. पंचवटीपासून गोदावरीच्या काठाने खाली गेले की गोदावरी आणि कपिला यांचा संगम लागतो. त्या भागाला तपोवन म्हणतात. पंचवटीची वस्ती झाली, पण तपोवनात बरीच झाडी उरली. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, तेव्हा साधूंच्या आखाड्यांचा मुक्काम याच भागात पडतो. २०२५ च्या अखेरीस, २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तिथली शेकडो झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. नाशिकची माणसे, त्यांत तरुण मुलेमुली पुष्कळ, त्या झाडांसाठी रस्त्यावर आली. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले.

मी इथे कोणाचा कैवार घेऊन बोलत नाही. लाखो भाविक येणार, त्यांची सोय झाली पाहिजे, हे खरेच आहे. मला एवढेच विचारायचे आहे की ‘तपोवन’ या शब्दाचे किती भाग करता येतात? तप आणि वन. त्यातले वन काढले तर काय उरेल? तपस्वी वनात गेले ते वनासाठीच. त्यांच्या सोयीसाठी वन काढायचे, म्हणजे पाहुण्याला बसायला जागा व्हावी म्हणून घराचा पार मोडायचा. पंचवटीत निदान क्रमांक घालून का होईना, पाच वड आहेत. म्हणून ते नाव अजून खरे आहे. झाड नसलेले झाडाचे नाव म्हणजे वारस नसलेल्या घरावरची पाटी. पाटी वाचता येते, हाक मात्र मारता येत नाही.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवावेसे वाटते. हे सारे करायला नाशिकलाच जायला हवे असे नाही. आपल्या गावाचे नाव फळ्यावर लिहा. त्याच्या शिवारातली नावे मुलांकडून गोळा करा. चिंचेचा मळा, आंबराई, बेलाचा माळ, वडाचा ओढा, पळसदरा. सातबारावर ती सगळीच सापडतील असे नाही. तिथे गट नंबर असतो. ती सापडतील गुराख्याकडे, कोळप्याच्या मागे चालणाऱ्या बाईकडे, ओट्यावर बसलेल्या आजोबांकडे. नाव ती माणसे जशी उच्चारतात तसेच लिहून घ्या. शुद्ध करायला जाऊ नका. शुद्ध केले की पाचवडाची पंचवटी होते आणि पुरावाच पुसला जातो. कोणी नावाची कथा सांगितली तर तीही लिहा, पण ‘अशी कथा सांगतात’ असे म्हणून लिहा. शेजारच्या तालुक्यात त्याच अर्थाचे नाव आहे का ते पाहा. आणि सर्वांत शेवटी मुलांना घेऊन त्या जागी जा, आणि मोजा: चिंचेच्या मळ्यात चिंच आहे का? आंबराईत आंबे किती उरले? वडाच्या ओढ्यावर वड आहे का?

पुष्कळ ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे येईल. तेव्हा हळहळून घरी येऊ नये. पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा जावे, बरोबर एक रोप न्यावे, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालायचे कोणी, याची मुलांमध्ये पाळी लावावी. नाव आपल्याला आयते मिळाले आहे. त्याच्यातले झाड आपण घागरीने पाणी घालून वाढवायचे आहे.